दुर्मिळ म्हणजे मोलाचं का?

मंडळी, आजचा विषय आहे 'यंग इंडिया' लेबलच्या जुन्या तबकड्या आणि त्या जमवणारे संग्राहक. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं १९३५ साली हे लेबल काढलं, १९५५च्या सुमारास ते बंद पडलं. समोर एचएमव्हीसारखी बलाढ्य कंपनी. त्यामुळे यंग इंडियाला नवख्या, हौशी कलावंतांवर बरीच भिस्त ठेवावी लागली.

आता संग्राहक काय करतो? पुढे मोठ्या झालेल्या गायकाची तबकडी उचलतो, बाकीच्या सोडतो. माझा आक्षेप इथेच आहे. थोरांचा आवाज इतरत्रही सापडतो; सामान्य गायकाचा आवाज तेवढ्या एका तबकडीतच उरलेला असतो. राजेहो, आपल्या वऱ्हाडात भजन रात्रभर चालतं. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळतात. मग काय ठेवायचं, काय गाळायचं? प्रतिभावंत हा प्रश्न स्वतःच्या रीतीनं सोडवतो. सामान्य गायक त्या काळाच्या रीतीनं. काळाची अभिरुची कळायची तर हा दुसरा जास्त उपयोगी साक्षीदार.

दुसरा आक्षेप लपवाछपवीवर. इंग्लंडच्या उत्तर भागात १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांच्या, न खपलेल्या सोल संगीताच्या रेकॉर्डींचं वेड होतं. तिथले काही डीजे लेबलवर खोटं नाव चिकटवत, प्रतिस्पर्ध्याला पत्ता लागू नये म्हणून! दुर्मिळता हा वस्तूच्या संख्येचा गुण आहे, संगीताचा नव्हे. एकट्यानं दडवलेली तबकडी आणि फुटलेली तबकडी, ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही सारख्याच.

याउलट उदाहरणही आहे. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानं यंग इंडियाच्या तबकड्यांचं डिजिटल जतन हाती घेतलं. संग्राहकाचं खरं काम हे.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या एखाद्या जुन्या वाड्यात, माळ्यावर अशी तबकडी सापडली तर भंगारात देऊ नका. ती लाखेची असते, पडली की फुटते. उभी ठेवा. हौस म्हणून जुन्या ग्रामोफोनवर वारंवार वाजवू नका. पोलादी सुईनं ती झिजते. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा, क्रमांक टिपून घ्या. आणि गायकाचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नसेल, तर ती आधी जपा.