विद्यार्थी-प्रवासी आणि प्रवासवर्णनाचे शिक्षण : पंडिता रमाबाईंच्या अमेरिका-वृत्ताच्या निमित्ताने

प्रस्तावना :

अभ्यास-सहल आटोपली की विद्यार्थ्यांकडून प्रवासवर्णन लिहून घ्यावे, ही प्रथा आपल्या महाविद्यालयांत रूढ आहे. सहल परदेशी असली तर ते लेखन वार्षिकांकात मानाने छापलेही जाते. मात्र अशा लेखनात बहुधा एकच साचा आढळतो : विमानतळावरील उत्सुकता, पाहिलेल्या स्थळांची क्रमवार यादी, तेथील स्वच्छतेचे कौतुक आणि अखेरीस अविस्मरणीयतेची ग्वाही. देश बदलतो, मजकूर बदलत नाही. विद्यार्थ्याने प्रवास केला हे खरे. पण प्रवासवर्णन लिहिणे तो शिकला काय, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई यांच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथाच्या आधारे केला आहे. रमाबाई पश्चिमेकडे गेल्या त्या शिकण्यासाठी. परदेशातील विद्यार्थीदशा लेखकाला काय देते आणि त्या देण्याला मर्यादा कोणत्या पडतात, या दोन्ही गोष्टी या ग्रंथात पाहावयास मिळतात.

१. शिकण्याचे प्रयोजन आणि पाहण्याची रीत :

रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्ररूप लेखन प्रसिद्ध झाले. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस श्रवणदोषामुळे सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील भगिनीसंघात आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या राहिल्या. तेथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. थोड्या दिवसांसाठी ठरलेला हा मुक्काम १८८८ च्या अखेरीपर्यंत लांबला. या काळात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, व्याख्याने दिली, संस्था पाहिल्या आणि भारतातील विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळवले. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि त्याच वर्षी हा ग्रंथही प्रकाशित झाला.

हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे ग्रंथाच्या शीर्षकाचा अर्थ उलगडतो. शीर्षकात 'लोकस्थिती' आधी आणि 'प्रवासवृत्त' नंतर आहे. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतच्या जलप्रवासाने ग्रंथाचा आरंभ होतो; परंतु पुढील विवेचन राज्यपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग अशा विषयवार प्रकरणांतून होते. मार्गाचा क्रम मागे पडतो आणि प्रश्नांचा क्रम पुढे येतो. शाळा दिसली की ती कोणाच्या पैशाने चालते, तिच्यात शिकवतो कोण, मुलींना प्रवेश कसा मिळाला, हे त्यांना जाणून घ्यावयाचे असते; कारण तशीच एक शाळा त्यांना स्वदेशी उभारावयाची आहे. स्थळ पाहून समाधान पावणारा पर्यटक आणि संस्था कशी चालते हे विचारणारा विद्यार्थी यांतील भेद येथे स्पष्ट होतो. विद्यार्थ्याचे पाहणे प्रयोजनाने बांधलेले असते, आणि त्या बांधिलकीनेच ते खोल होते.

२. वाचकाची जाणीव :

प्रवासवर्णन कोणासाठी लिहावयाचे, हा दुसरा मुद्दा. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यामुळे मराठी समाजातील मोठा वर्ग त्यांच्याविषयी साशंक झालेला होता. म्हणजे ज्या वाचकासाठी त्या लिहीत होत्या तो अनुकूल नव्हता. अशा वाचकापुढे उद्गारवाचक कौतुक टिकत नाही. तेथे माहिती, तुलना आणि युक्तिवादच लागतो. ग्रंथातील संयत गद्याचे एक कारण येथे शोधता येईल.

ही तुलना इंग्लंड व अमेरिका, पारतंत्र्य व प्रजासत्ताक, हिंदू गृहस्थिती व अमेरिकन गृहस्थिती अशा अनेक पातळ्यांवर चालते. वसाहतीतील विद्यार्थ्याने राज्यकर्त्यांच्या देशातून निघून त्याच राज्यकर्त्यांचे जोखड झुगारलेल्या देशाचे वर्णन करणे यात राजकीय अर्थ अनुस्यूत आहे. तो अर्थ लेखिका घोषणेने सांगत नाही, विषयांच्या निवडीतून सुचवते.

आनंदीबाई जोशी यांची पत्रे या संदर्भात आठवतात. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या अमेरिकेस निघाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, निवर्तल्या. थंडी, आहार, वेष यांविषयी त्यांनी घरी लिहिले, ते एका व्यक्तीस उद्देशून. त्या पत्रांना ग्रंथरूप प्रवासवर्णन होण्यास अवधीच मिळाला नाही. पत्रापासून ग्रंथापर्यंतची वाट रमाबाईंना चालता आली. अनुभव आणि लेखन यांत पडलेले अंतर हेही त्यांच्या शिक्षणाचेच अंग होते.

३. यजमानाचे ऋण आणि त्याची मर्यादा :

विद्यार्थी यजमानाच्या आश्रयाने राहतो. म्हणून त्याची दृष्टी यजमानाच्या घराच्या खिडकीतून बाहेर पडते. रमाबाईंचा वावर मुख्यतः सुधारक, मद्यपाननिषेधक आणि धर्मनिष्ठ मध्यमवर्गीय स्त्रियांमध्ये होता. फ्रान्सिस विलर्ड आणि त्यांच्या मद्यपाननिषेधक स्त्री-संघाविषयी त्या आदराने लिहितात. परिणामी स्त्रियांच्या संघटित प्रयत्नांचे चित्र उजळ उमटते, तर कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रीचे जीवन त्या तपशिलाने आपल्यासमोर येत नाही. ही उणीव मान्य केलीच पाहिजे.

तथापि रमाबाई यजमानांच्या अंकित झाल्या नाहीत. मूळ रहिवासी जमातींवर झालेला अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष यांची नोंद त्या करतात. इंग्लंडमधील पत्रव्यवहारही याची साक्ष देतो. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असा आग्रह धर्माधिकाऱ्यांनी धरला, तेव्हा रमाबाईंनी तो निमूटपणे स्वीकारला नाही. ज्यांच्याकडून शिकावयाचे त्यांच्याशी मतभेद ठेवण्याची ही क्षमता म्हणजेच विद्यार्थी-प्रवाशाची खरी कसोटी होय. केवळ कृतज्ञतेतून जाहिरात निर्माण होते आणि केवळ संशयातून तक्रार. या दोहोंमधला ताण सांभाळला तर साहित्य निर्माण होण्याचा संभव असतो.

४. मराठी समीक्षेची अभिरुची :

एवढे असूनही वर्गात प्रवासवर्णन शिकवताना हा ग्रंथ क्वचितच आदर्श म्हणून पुढे येतो. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) या कृतींनी या वाङ्मयप्रकाराची अभिरुची घडवली. आत्मनिष्ठा, लालित्य आणि व्यक्तिमत्त्वाचा विलास हे निकष ठरले. त्या निकषांवर रमाबाईंचा ग्रंथ 'माहितीपर' ठरतो.

पु. ल. हेही शिकण्यासाठीच गेले होते. आकाशवाणीच्या सेवेत असताना बी.बी.सी.कडील प्रशिक्षणाच्या निमित्ताने त्यांना इंग्लंडला जाता आले. पण 'अपूर्वाई'चा भर त्या प्रशिक्षणावर नाही. प्रवासाच्या तयारीपासूनच एक भांबावलेला मराठी मध्यमवर्गीय निवेदक तेथे उभा राहतो, आणि त्याच्या संस्कारांवर परक्या देशाचे जे आघात होतात त्यांतून विनोद फुलतो. हा निवेदक ही थोर वाङ्मयीन निर्मिती आहे. अडचण पु. लं.च्या लेखनात नाही, त्याच्या अनुकरणात आहे. विद्यार्थी निवेदकाच्या लकबी उचलतो. त्यामागची संगीत, नाट्य व साहित्य यांची जाण मात्र उचलता येत नाही. उलट रमाबाईंची रीत अनुकरणक्षम आहे, कारण प्रश्न विचारणे, नोंद करणे, पडताळणे आणि तुलना करणे या क्रिया शिकवता येतात. अध्यापकाने हा भेद जाणला पाहिजे.

५. परतीचा प्रवास :

परदेशातील विद्यार्थीदशेची पूर्ण किंमत कित्येकदा स्वदेशी परतल्यावर कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पुढे लंडनला शिकले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या इंग्रजी आत्मकथनात न्यूयॉर्क वा लंडनचे वर्णन नाही. परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव पुसली गेली होती. बडोद्यास उतरताच 'राहावयाचे कोठे' या एका प्रश्नाने ती परत आली, असे ते सांगतात. बालपणी मसूर स्थानकापासून केलेला बैलगाडीचा प्रवास आणि १९३४ मधील दौलताबादची भेट हे प्रसंगही त्यात आहेत. हे सर्व स्वदेशातील प्रवास आहेत. पण ज्या देशात जाण्यासाठी परवाना लागावा असा परका देश येथे स्वतःचाच ठरतो. प्रवासवर्णनाच्या पाठ्यक्रमात या लेखनाचा समावेश केल्यास 'परदेश' या संकल्पनेचाच पुनर्विचार करावा लागेल.

इरावती कर्वे यांचेही उदाहरण घेता येईल. १९२८ ते १९३० या काळात बर्लिन येथे मानवशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या विदुषीचा 'वाटचाल' हा लेख पंढरीच्या वारीविषयी आहे. दिंडीत सोबत चालणारी माणसे जेवताना जातीनुसार वेगळी होतात, ही त्यांना बोचलेली गोष्ट त्या लिहितात. चालणाऱ्यांपैकी एक होणे आणि तरीही पाहत राहणे, हे दोन्ही तेथे साधले आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, विद्यार्थ्याला प्रवासवर्णनकार करणारी गोष्ट म्हणजे अंतर नव्हे, तर प्रयोजन, मुक्काम, यजमानाशी राखलेले स्वतंत्र नाते आणि परतल्यावर उत्तर देण्याची जबाबदारी. आठवड्याच्या परदेशी सहलीत मुक्काम अल्प असतो. म्हणून प्रयोजन तरी आधी निश्चित असावे. प्रत्येक विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी एक प्रश्न लिहून द्यावा, तेथे त्या प्रश्नाविषयी किमान एका स्थानिक माणसाशी बोलावे, आणि परतल्यावर पहिला खर्डा महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा लिहावा. मूल्यमापनातही स्थळांच्या संख्येपेक्षा प्रश्नाच्या पाठपुराव्याला गुण असावेत.

याहून महत्त्वाचा मुद्दा न्यायाचा आहे. परदेशी सहलीचे शुल्क भरू शकणारे विद्यार्थी थोडे असतात. प्रवासवर्णनाचे शिक्षण जर त्या सहलीशीच जोडले, तर हा वाङ्मयप्रकार संपन्नांची मिरास ठरेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या पदवी आराखड्यात क्षेत्र-प्रकल्पाला श्रेयांक आहेत. ऊसतोडीच्या तळावर, बाजारसमितीत किंवा शेजारच्या तालुक्यातील वसतिगृहात चार दिवस राहून आलेला विद्यार्थीही लोकस्थिती आणि प्रवासवृत्त लिहू शकतो. रमाबाईंनी शीर्षकात जो शब्द आधी ठेवला, तो आपण अध्यापनात आधी ठेवला तर परदेशी जाणारा आणि न जाणारा असे दोन्ही विद्यार्थी या वाङ्मयप्रकाराचे समान वारसदार होतील.