समोरासमोरची दोन पानं

इमॅन्युएल कान्टचा ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ हा ग्रंथ १७८१ साली रिगाला प्रसिद्ध झाला. ग्रंथ जाडजूड, वाचायला कठीण. पण पहिल्या आवृत्तीची ४२६ आणि ४२७ ही पानं उघडली की मजकुराआधी मांडणीच नजरेत भरते. डाव्या पानावर प्रतिज्ञा: विश्वाला काळात आरंभ आहे. उजव्या पानावर तिची विरोधी प्रतिज्ञा: आरंभ नाही. अवकाशाच्या मर्यादेचा वादही तिथेच आहे. आपण काळापुरतं पाहू.

डावं पान म्हणतं, समजा आरंभ नाही. मग या क्षणापर्यंत अनंत अवस्था होऊन गेल्या, म्हणजे संपल्या. पण एकेक करत जे कधीच संपत नाही, तेच तर अनंत! तेव्हा आरंभ हवा. उजवं पान म्हणतं, समजा आरंभ आहे. मग त्याआधी नुसता रिकामा काळ. त्यातला प्रत्येक क्षण दुसऱ्यासारखाच. विश्वाने नेमका हाच मुहूर्त का धरावा? तेव्हा आरंभ नाही.

गंमत अशी की स्वतःच्या बाजूने कुणीच काही बोलत नाही. दोघंही समोरच्याचं घर पाडतात आणि जागेवर हक्क सांगतात. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, मग खंडन, शेवटी सिद्धान्त. कोण जिंकणार हे क्रमावरूनच कळतं. कान्टने दोन्ही पक्ष शेजारी बसवले आणि शेवटचा शब्द कुणालाच दिला नाही.

पुन्हा वाचताना दोन साधे शब्द खटकू लागतात. डावीकडचा ‘संपल्या’. संपायला कुठून तरी निघावं लागतं, आणि अनादि भूतकाळात निघण्याची जागाच नाही. त्यातला कुठलाही क्षण घ्या, तो आजपासून मोजता येईल इतकाच दूर असतो. उजवीकडचा ‘आधी’. काळच विश्वाबरोबर सुरू झाला असेल, तर आरंभाला ‘आधी’ कुठला? हे संत ऑगस्टीनने कान्टच्या कितीतरी शतकं आधी सांगितलं होतं.

भौतिकशास्त्रही या दोन पानांतच येरझारा घालत आलं आहे. १९४८ साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी अनादि, स्थिर स्थितीचं विश्व मांडलं: उजवं पान. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना मिळालेलं पार्श्वप्रारण, विश्वाच्या तप्त बाल्यावस्थेची उरलेली खूण, जाहीर झालं आणि पारडं डावीकडे झुकलं. १९९३ साली हॉइल, बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांनी प्रसरण-आकुंचनाच्या आवर्तनांचं, आरंभ नसलेलं प्रारूप मांडलं. त्याला फारशी मान्यता मिळाली नाही. २००३ साली बोर्ड, गुथ आणि विलेंकिन यांनी सिद्ध केलं, की सरासरीने प्रसरणच पावत आलेलं विश्व तसंच अनंत मागे नेता येत नाही. पण त्या सीमेपलीकडे काय, याबद्दल त्यांचं प्रमेय गप्प आहे.

कान्टचा निकाल पुढे बऱ्याच पानांनी येतो: अखंड विश्व हा अनुभवाचा विषयच नव्हे, म्हणून दोन्ही बाजू चुकल्या. आपण मागे मागे जात राहू शकतो; ती वाट सांत की अनंत, हे आधीच ठरवून ठेवता येत नाही. निकाल पटो न पटो. तो वाचून झाल्यावरही बोट मात्र मागे वळतं आणि ४२६वं पान उघडतं, कारण तिथे दोन्ही बाजू अजून तितक्याच खऱ्या वाटतात.