पॅट्रिस लुमुम्बा यांची राजकीय कारकीर्द : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना
आफ्रिकेच्या आधुनिक इतिहासात पॅट्रिस लुमुम्बा (१९२५-१९६१) यांचे स्थान प्रामुख्याने हुतात्मा म्हणून निश्चित झाले आहे. या प्रतिमेच्या तेजात शासनप्रमुख लुमुम्बा काहीसे झाकोळले जातात. बेल्जियन काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि ५ सप्टेंबर रोजी त्याच्या पहिल्या पंतप्रधानांच्या बडतर्फीची घोषणा झाली. ही अल्पजीवी कारकीर्द कशामुळे कोसळली, या प्रश्नाची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वैचारिक स्थित्यंतर
स्टॅनलेव्हिल येथे टपाल खात्यात नोकरी केलेल्या लुमुम्बांनी १९५६-५७ च्या सुमारास काँगोच्या भवितव्यावर एक ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये प्रकाशित झाला. त्यात तातडीच्या स्वातंत्र्याची मागणी नाही. सुशिक्षित काँगोवासीयांना समान वागणूक मिळावी, अशी राज्यकर्त्यांच्या सद्भावनेला केलेली विनंती आहे. १९५८ मध्ये काँगोली राष्ट्रीय चळवळ हा पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षी लुमुम्बा आक्रा येथील अखिल आफ्रिकी परिषदेस उपस्थित राहिले. त्यानंतर विनंतीची जागा हक्काच्या भाषेने घेतली. स्वातंत्र्यसोहळ्यात राजे बोदुअँ यांच्यासमोर त्यांनी वसाहतकाळातील अपमान व मारहाण यांचा पाढा वाचला. या भाषणाकडे क्षणिक उद्रेक म्हणून पाहणे योग्य नाही. ते आधी लिहून तयार केलेले होते व वरील स्थित्यंतराची ती परिणती होती.

पद आणि सत्तेची साधने
या भाषणामुळेच लुमुम्बांचा घात झाला, हे मत पुराव्यावर टिकत नाही. मे १९६० च्या निवडणुकीत १३७ पैकी ३३ जागा मिळवून त्यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला. परंतु बहुमत नसल्याने आघाडी अपरिहार्य झाली आणि प्रतिस्पर्धी जोसेफ कासावुबू राष्ट्राध्यक्ष झाले. सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. ५ जुलै रोजी त्या सैन्याने बंड केले. ११ जुलै रोजी तांब्याच्या खाणींनी समृद्ध असलेला कटांगा प्रांत मोईझ त्शोम्बे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. सैन्य व महसूल ही राज्यसंस्थेची दोन्ही साधने अशा रीतीने पंधरवड्याच्या आत हातची गेली. संयुक्त राष्ट्रांची सेना आली. पण कटांगाचे विभाजन बळाने मोडण्यास तिने नकार दिला. तेव्हा लुमुम्बांनी सोव्हिएत मदत स्वीकारली आणि काँगोचा प्रश्न शीतयुद्धाच्या भोवऱ्यात सापडला.

घटनात्मक पेच
बेल्जियमच्या संसदेने संमत केलेल्या मूलभूत कायद्याच्या कलम २२ अन्वये पंतप्रधानांची नियुक्ती व बडतर्फी राष्ट्राध्यक्षांकडे होती. कासावुबूंनी दोन मंत्र्यांच्या प्रतिस्वाक्षरीने हाच अधिकार वापरला. लुमुम्बांनीही उलट राष्ट्राध्यक्षांना पदच्युत घोषित केले. प्रतिनिधिगृहाने दोन्ही बडतर्फी रद्द ठरवल्या व सिनेटनेही पंतप्रधानांची बाजू घेतली. कायद्याचा शब्द एका बाजूस आणि निर्वाचित सभागृहांचा कौल दुसऱ्या बाजूस, असा हा पेच होता. तो अखेर न्यायाने वा मतदानाने नव्हे, तर १४ सप्टेंबर रोजी कर्नल मोबुटू यांच्या हस्तक्षेपाने निकालात निघाला.

उत्तरदायित्व
तथापि सर्व दोष परिस्थितीवर टाकता येत नाही. मोबुटूंना सैन्याचे चीफ ऑफ स्टाफ हे पद देणारे स्वतः लुमुम्बाच होते. ऑगस्ट १९६० मध्ये दक्षिण कसाईतील फुटीर राजवट मोडण्यासाठी त्यांनी पाठवलेल्या सैन्याने बाकवांगा परिसरात बालुबा नागरिकांची हत्या केली. संघटित पुरवठा व शिस्त यांविना सैन्य रवाना करण्याची जबाबदारी शासनप्रमुखावर येतेच. हुतात्म्याच्या गौरवात ही नोंद गाळली जाऊ नये.

समारोप
संयुक्त राष्ट्रांचे तेथील प्रतिनिधी, भारतीय मुत्सद्दी राजेश्वर दयाळ यांनी ऑक्टोबरमध्ये लुमुम्बांच्या अटकेस सहकार्य नाकारले. मात्र हे संरक्षण निवासस्थानापुरतेच होते. तेथून निसटलेले लुमुम्बा पकडले गेले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांची हत्या झाली. बेल्जियमने २००२ मध्ये आपल्या वाट्याच्या जबाबदारीबद्दल क्षमायाचना केली. लुमुम्बांपाशी लोकसंमती होती. ती अमलात आणणारी यंत्रणा नव्हती. वसाहतसत्तेने पद हस्तांतरित केले, पण राज्य चालवू शकणारे मनुष्यबळ घडवले नव्हते. व्यक्तीच्या चुका मान्य करूनही या कारकिर्दीच्या अपयशाचे मूळ या पोकळीतच शोधावे लागते.