‘भीमायना’तील परधान चित्रभाषा

दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याने चितारलेले ‘भीमायन’ २०११ मध्ये नवायन प्रकाशनाने इंग्रजीत प्रसिद्ध केले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता मुख्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांवर आधारलेली आहे. या ग्रंथाचा विचार बहुधा दलित चरित्र म्हणून किंवा चित्रकादंबरीचा भारतीय आविष्कार म्हणून होतो. चित्रकारांच्या कथनपरंपरेकडे मात्र अलंकरण म्हणूनच पाहिले जाते. ही विभागणी तपासून पाहण्याजोगी आहे.

परधान हे गोंडांचे परंपरागत गाथागायक. बाना हे तंतुवाद्य वाजवून यजमान कुळांच्या वंशावळी आणि बडादेवाच्या कथा गाणे हे त्यांचे पिढीजात काम. १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनाशी जोडले गेलेले जनगढसिंह श्याम यांनी या गाथांतील देवदेवता कागदावर आणि कॅनव्हासवर उतरवल्या, आणि गायकांचे वंशज चित्रकार झाले. ‘भीमायना’त व्याम दांपत्य कथा सजवते, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते; ते कथा सांगतात, केवळ साधन बदलले आहे.

या दृष्टीने त्यांनी चित्रकथेची चौकट नाकारली, ही घटना महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य चित्रकथेत चौकट हे काळाचे एकक असते: एक चौकट, एक क्षण. व्यामांना पात्रे अशी कोंडून ठेवणे मान्य नव्हते. त्यांनी पृष्ठाचे विभाजन दिग्न्याच्या, म्हणजे मातीच्या भिंती व जमिनी सारवून त्यांवर काढल्या जाणाऱ्या आकृतिबंधांच्या, वळणदार पट्ट्यांनी केले. त्यामुळे १९०१ चा मसूरचा प्रवास, १९१७ चे बडोदे आणि १९२७ चे महाड यांच्याभोवती एकाच अंगणाची रेषा फिरते. आगगाडी सर्प होते, किल्ला श्वापद होतो. महाडच्या भाषणात ध्वनिक्षेपकांतून श्रोत्यांवर पाणी बरसते. चवदार तळ्याचा प्रश्न आणि शब्दाची तहान एकाच प्रतिमेत सामावतात. संहितेत हे नाही. ते चित्राचे स्वतःचे विधान आहे.

संवादाच्या फुग्यांबाबत मात्र दोन्ही बाजूंनी बोलावे लागते. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते, मनातल्या विचाराला डोळा असतो. योजना देखणी आहे आणि निरक्षर वाचकालाही कळेल अशी आहे. पण मूळ टिपणांचे बळ नेमके अशा वर्गीकरणाला न जुमानणाऱ्या माणसांत आहे. मसूरचा गाडीवान दुप्पट भाडे घेतो, विटाळाच्या भीतीने गाडी मुलांनाच हाकायला लावतो, आणि तरीही सोबत पायी चालतो. त्याच्या तोंडी पक्षी शोभत नाही आणि विंचूही पुरता बसत नाही. आंबेडकरांचे गद्य न्यायालयातील जबानीसारखे कोरडे आहे. निवाडा ते वाचकावर सोपवतात. चित्र येथे तो आधीच देऊन टाकते.

याहून खोल तणाव प्रतिमासृष्टीत आहे. ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधानसभेतील भाषणात ज्यांनी खेड्याचा गौरव निःसंदिग्धपणे नाकारला, त्यांचे चरित्र झाडे, मासे, पशुपक्षी यांच्या भाषेत सांगितले जाते. पण व्यामांचे अरण्य म्हणजे गांधीयुगातील आदर्श खेडे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. जातिव्यवस्थेच्या गावगाड्याबाहेरची ती भूमी आहे, आणि तेथून पाहताना पाणवठ्यावरची बंदी अधिकच अनैसर्गिक दिसते. मराठीतील आंबेडकरी जलशाला तमाशाचे रूप आतून मोडावे लागले, कारण ते रूप गावातलेच होते. परधान चित्रकाराला गावाशी असे भांडण उकरून काढावे लागत नाही.

‘आयन’ हा प्रत्ययही या अंगाने पुन्हा वाचावा लागतो. रामकथेचा उपहास म्हणून तो मराठी वाचकाला सहज कळतो. परंतु गोंडांच्या स्वतःच्या ‘रामायणी’त नायक लक्ष्मण आहे, आणि ती गाणारे परधानच. कथेचा नायक बदलणे हा त्यांच्या परंपरेत बंडाचा नव्हे, गायकीचा भाग आहे.