एक डबा, एक भोक आणि पालखी

जेवायला बोलावणारा माणूस जेवणानंतर काहीतरी दाखवतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. पूर्वी लग्नाचा अल्बम दाखवत, मग व्हिडिओ कॅसेट आली, आता मोबाईल आहे. यवतहून दाजींचा "रविवारी या, पुरणपोळी आहे" असा फोन आला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पोळी होतीच, पण ओसरीवर सुतळी ताणून तिला कपड्यांच्या चिमट्यांनी अकरा फोटोही टांगलेले होते. माझा भाचा यवतहून रोज रेल्वेनं पुण्याला फोटोग्राफीच्या क्लासला जातो. वर्षअखेर त्यांना काम दिलं होतं : डिजिटल कॅमेऱ्याला हात न लावता आपल्या गावाचे फोटो काढा.

"पावणं, तुम्ही पेपरात लिवता," दाजी म्हणाले. "बघा आन् खरं काय ते सांगा. त्याच्यावर फुडल्या वर्साची फी भरायची का न्हाई ते ठरवू."

मी आजवर पुष्कळ पुस्तकांची परीक्षणं लिहिली, पण माझ्या मतावर कुणाची फी अडली आहे असं कधी झालं नव्हतं. लेखक फार तर बोलणं सोडतो.

"फोटू काढायचा म्हंजी बटान दाबायचं. त्याला किलास कशाला?"

"दाजी, मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशननं १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग काढला होता. तुमच्या यवतला आगगाडी यायच्या आधी."

"तवा बटान नसंल," दाजी म्हणाले. बरोबर होतं.

पहिले तीन फोटो एकावर एक दोन दृश्यं घेतलेले. एकाच फिल्मवर दोनदा उजेड पाडला, की दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. यवतहून जवळच माळशिरसच्या डोंगरावर भुलेश्वर आहे. यादवकालीन देऊळ, कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघावं असं. पण मूर्ती बऱ्याच फोडलेल्या. तिथल्या एका बिनडोक्याच्या मूर्तीवर भाच्यानं स्वतःच्या आईचं डोकं बसवलं होतं. खाली नृत्याचा पवित्रा, वर आमची ताई, चष्म्यासकट. आम्ही सगळे हसलो. ताई हसली नाही. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा मलाही हसू आलं नाही, आणि त्या तीन फोटोंबद्दलचं माझं मत एवढंच आहे.

मग निळे फोटो. कागदाला दोन लोहक्षारांचं मिश्रण लावायचं, वर वस्तू ठेवायची, उन्हात धरायचं, पाण्यानं धुवायचं. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही युक्ती काढली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईंनी समुद्रशेवाळांचे असे निळे ठसे काढून त्यांचं पुस्तक सुरू केलं. भाच्यानं उसाचं पाचट, लिंबाची डहाळी आणि एक आख्खी भाकरी वापरली होती. पाचट सुरेख आलंय; त्याचा एकेक धागा मोजावा. भाकरीचा मात्र नुसता पांढरा गोल, आणि खाली चिठ्ठी : 'भूक आणि अवकाश'. कवींनी भाकरीचा चंद्र करून झाल्याला जमाना लोटला. मी म्हटलं, "चिठ्ठी काढ." ताई म्हणाली, "आणि भाकरी वाया घालवली ती?" अशा चिठ्ठ्या अकराही फोटोंना होत्या. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला हा ताप पहिल्या वर्षी येतोच. मलाही आला होता, मी तर कविता केल्या होत्या.

आणखी दोन फोटोंवरून मी भरभर पुढे सरकलो. आता नववा.

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघते ती यवतला काळभैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला येते. त्या दिवशी गावाचा बेत ठरलेला, पिठलं-भाकरी. देवळात कढया चढतात, भाकऱ्या घरोघरच्या. भाच्यानं तिथल्या एका खांबाला चहाचा डबा बांधला होता. डब्याला आतून काळा रंग, पुढं सुईच्या टोकाएवढं भोक, आत फोटोचा कागद. भिंग नाही, बटण नाही. भोकावरची काळी चिकटपट्टी काढली की फोटो सुरू, लावली की संपला. दिवस ढगाळ, म्हणून त्यानं दहा मिनिटं भोक उघडं ठेवलं. पुढं न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावून, गणपतीच्या माळेतला लाल दिवा पेटवून कागद धुतला. त्या दिवशी दाजींची आंघोळ संध्याकाळी झाली.

दहा मिनिटांत डब्यासमोरून शेकडो वारकरी गेले. फोटोत त्यांतला एकही नाही! नुसतं पांढरं धुकं, कमरेइतकं. हललेलं माणूस असल्या फोटोत टिकत नाही. दागेर यांनी १८३८ साली पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा सगळी रहदारी अशीच पुसली गेली. उरला तो बुटांना पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक गृहस्थ. यवतच्या फोटोत देवळाचे खांब आहेत, कढई आहे, आणि गाठोड्यावर डोकं ठेवून घोरणारा एक वारकरी आहे. घोरणं दिसत नाही, पण कळतं.

शेजारचे एक काका फोटो बघायला आले होते. "मी दीसभर हितंच हुतो. ह्या कढईपाशी," ते म्हणाले. त्यांनी फोटो उजेडात धरला, उलटा करून बघितला. "झोपल्याला आला आन् राबल्याला न्हाई? ह्यो कसला कॅमेरा?"

फोटोग्राफीवर याहून कडक टीका मी वाचलेली नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्यानं कढईवरच्या एका पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "काका, हे तुम्ही."

"ह्यो?"

"तुमचा हात. बाकीचे एकदाच गेले. तुमचा हात दहा मिनिटं इथंच फिरत होता, म्हणून उमटला."

काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात हवेत तसा फिरवून बघितला. "जरा खाली आलाय," ते म्हणाले. "मी वरनं वाढतो."

त्यांचा त्याच दिवशीचा मोबाईलमधला फोटोही त्यांनी दाखवला. चेहरा स्वच्छ, पळी अधांतरी थांबलेली, नजर आपल्याकडे. मोबाईलमधले काका वाढण्याची पोज देतायत, डब्यातले वाढतायत. असा एक फोटो निघत असेल तर भुलेश्वरचे तीन मी माफ करतो. त्याचीही चिठ्ठी मात्र काढायला लावली.

"पर ह्याच्यावं प्वाट भरंल का?" दाजी मूळ मुद्द्यावर आले.

मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट काढली. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेला हा माणूस विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली विलायतेला गेला, कॅमेरा मागवला, आणि पहिलं काय टिपलं, तर कुंडीतला वाटाणा. महिनाभर, रोज थोडा थोडा, कोंब फुटून वेल होईपर्यंत. तो वाटाणा बघून भांडवल मिळालं, आणि १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

"पालिशी गहाण ठिवली?" दाजींना एवढंच ऐकू आलं. त्यांनी कपाटाला कुलूप आहे की नाही ते आत जाऊन बघितलं. मग येऊन खुर्चीत बसले. "माझा काढ. त्या डब्यानं. बघू तरी."

ऊन होतं, तरी भाचा म्हणाला, चार मिनिटं हलू नका. दोन मिनिटं दाजी पुतळ्यासारखे बसले. तिसऱ्या मिनिटाला गुऱ्हाळावरून फोन आला. गुळाचा भाव म्हटल्यावर कोण थांबतो?

त्या फोटोत एकाच सदऱ्यातून दोन डोकी निघाली आहेत. एक समोर बघणारं, आज्ञाधारक. दुसरं वळलेलं, कानाला मोबाईल. फीचे पैसे देताना दाजींनी तो पुन्हा मागून घेतला आणि ताईपुढं धरला.

"ह्यातला मी कंचा गं?"

"फोनवरचा," ताई म्हणाली.