‘मोट हाकलतो एक’ : कार्यव्यवस्थेच्या दृष्टीने वाचन

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हापासून त्यांच्या समीक्षेला एक ठरीव वळण लागले आहे. कवितेतून सुभाषित वेचावे, त्याखाली तत्त्वज्ञान शोधावे आणि निरक्षर स्त्रीच्या प्रतिभेपुढे विस्मित होऊन थांबावे, असे ते वळण होय. या विस्मयात कवितेतील काम मात्र नजरेआड होते. असोद्यास जन्मलेली ही स्त्री जळगावच्या शेतकरी घरात आयुष्यभर राबली. ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ ही शीर्षकेच क्रमाने वाचली, तर एका हंगामाच्या कार्याची सारी साखळी हाती येते.

‘मोट हाकलतो एक’ ही लहानशी कविता या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. विहीर एक, मोटा दोन. कवयित्री जोडीजोडीने साधने घेते आणि प्रत्येक जोडीत समान काय आहे ते सांगत जाते. पाणी, गती, झीज, ओढ हा तिचा क्रम आहे. यात अद्वैताचा भास होतो हे खरे; परंतु तो होण्यापूर्वी यंत्ररचना बिनचूक मांडली गेली आहे. नाडा जाड असतो, तो मोटेचा भार पेलतो. सोंदूर बारीक, तो सोंडेला बांधलेला. या दोहोंच्या लांबीचा मेळ चुकला तर सोंड वेळेआधी लवते आणि थारोळ्यापर्यंत येण्याआधीच पाणी परत विहिरीत जाते. म्हणजे दोन असमान दोर एकाच चालीने चालले, तरच काम घडते. कवयित्री हे जाणते, आणि म्हणूनच दोन्ही दोरांच्या झिजेची नोंद ती घेते. उत्पादनाचा हिशेब मांडताना झीज विसरणे ही सुशिक्षित व्यवस्थापकांचीही जुनी खोड आहे!

‘धाव’ या शब्दाचे सामर्थ्य तर टीकाकारांनी पुरेसे ओळखलेले नाही. बैल ज्या उतरणीवरून चालतात तिलाही मोटेच्या परिभाषेत धाव म्हणतात. बैल उतरतात तेव्हा मोट वर येते, बैल मागे चढतात तेव्हा ती खाली जाते. एकाची उतरण ही दुसऱ्याची चढण, आणि दोन्ही एकाच धावेवर. येथे श्लेष कवीच्या लहरीतून आलेला नसून व्यवसायाच्या शब्दातून आपोआप उगवला आहे. मोट आता विहिरींवरून गेली. इंजिने आणि विजेचे पंप आले, जळगाव जिल्ह्याच्या केळीबागांत ठिबक सिंचन आले. त्यामुळे हा शब्द आज केवळ ‘धावणे’ या अर्थाने वाचला जातो आणि कवितेचा अर्धा अर्थ गळतो.

फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनाच्या ग्रंथात कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाचे मोजमाप करण्याची रीत सांगितली. बहिणाबाईंची दृष्टी याच्या उलट आहे; तुकडे त्यांनाही दिसतात, पण त्या ते जोडून पाहतात. शिवाय त्यांच्या कार्यक्रमात माणसाच्या ताब्याबाहेरच्या गोष्टींनाही जागा आहे. ‘उपननी’त सारे खळे वाऱ्याची वाट पाहते. हा खोळंबा त्या दोष मानीत नाहीत, कामाचाच एक भाग मानतात.

तथापि या कवितेचे गुणगान करताना तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे. हाकणारा एक आणि पोसले जाणारे अनेक, येथे ती संपते. त्या अनेकांत पाणी कोणत्या नियमाने पोहोचते, हा प्रश्न तिला पडत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी तो शतकानुशतके सोडविला गेला आहे. तेथील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडलेले असतात, एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते, आणि पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः न करता पाटकरी करतो. आपल्या शेताकडे पाणी वळविण्याचा मोह व्यवस्थेनेच काढून घेतला आहे. मोटेच्या विहिरीवर घरचाच माणूस हाकणारा आणि घरचीच तोंडे खाणारी, म्हणून पाळीचा तंटा उद्भवत नाही. कवितेतील ऐक्य इतके निर्वेध वाटते, त्याचे एक कारण हेही असावे.