काळ्या मातीतली कुपाटी

लाकडी कुंपण म्हटलं की रोवलेले खांब आणि त्यांना ठोकलेल्या आडव्या बल्ल्या डोळ्यांपुढे येतात. परभणीच्या काळ्या रानात असलं कुंपण फार दिवस ताठ राहत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडून आकसते. खांब डुलायला लागतो आणि उरलेलं काम उधई करते. इथल्या शेतकऱ्याने म्हणूनच खांबावर फारसा भार न टाकणारं कुंपण पत्करलं. ते म्हणजे काट्याची कुपाटी.

ती दरवर्षी मोडते, म्हणून तिला कुणी कसब मानलं नाही. पण रचलेली कुपाटी आणि टाकलेला काट्यांचा ढीग यांतला फरक गुरांना बरोबर कळतो. बाभळीच्या फांद्यांचे बुडखे आत, शेंडे बाहेर. एकीच्या बगलेत दुसरी, आणि बेळक्याने दाबत दाबत वरचा थर. बोराटी मिळाली तर उत्तमच. तिच्या जोडकाट्यातला एक सरळ, दुसरा आकडेदार, त्यामुळे फांद्या एकमेकींना आपसूक धरून ठेवतात. तारही नको, खिळाही नको. अमेरिकेतल्या जुन्या नागमोडी कुंपणाची युक्ती हीच होती: चिरलेल्या बल्ल्या एकमेकींवर तिरक्या रचायच्या, खड्डा खणायचाच नाही. तिथे त्यासाठी चेस्टनटचं लाकूड लोकप्रिय होतं. 1904 मध्ये त्या झाडावरचा रोग न्यूयॉर्कात आढळला आणि पुढे ती झाडंच संपत गेली.

इथे रोग आला नाही, बांध कोरले गेले. वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आला, धुऱ्यावरची बाभूळ तुटली. घराजवळच्या वाड्याला तुराट्या-पऱ्हाट्यांचा कुड आणि तोंडाशी ताटी असे, तेही विरळ झालं. पऱ्हाटी रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. 2017च्या उद्रेकानंतर पऱ्हाट्या शेतात वा बांधावर साठवू नका, हा सल्ला आणखी ठासून दिला जाऊ लागला. सल्ला योग्यच आहे. कुडाचा कच्चा माल मात्र त्यातच गेला.

आता बांधावर काटेरी तार, झटका मशीन, नाहीतर जुन्या साड्या दिसतात. साड्यांची मला थट्टा करवत नाही: हाताशी असेल त्यातून आडोसा करायचा, ही कुपाटीचीच रीत. शिवाय कुपाटी गाय-शेळी अडवते, पण रोही तिच्यावरून उडी मारतो आणि रानडुक्कर खालून घुसतं. जुनं ते सगळं पुरेसं होतं, हे म्हणणं लबाडीचं ठरेल.

खरी नक्कल दिसते ती रस्त्याकडेच्या ढाब्यांवर आणि हुरडा पार्टीच्या मळ्यांत. 'गावरान' दिसावं म्हणून गुळगुळीत बल्ल्या वॉर्निश लावून उभ्या करतात, आणि काळ्या मातीत त्या उभ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकीच्या बुडाशी सिमेंट ओततात.